वजन उतरलं, भूक का वाढली? ताट कसं वाढायचं

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात माझी रक्त तपासायची लॅब आहे. वजन उतरवून जेवणानंतरची साखर बघायला येणारे बरेच जण हात पुढे करता करता हेच सांगतात, "भाऊ, वजन उतरनं, पन भूक वाढनी." घरचे याला जिभेचे चोचले म्हणतात. तसं नसतं.

वजन घटलं की चरबीतून येणारं लेप्टिन कमी होतं, जठरातून येणारं भुकेचं घ्रेलिन वाढतं. आतड्यातून "बस झालं" सांगणारे पीवायवाय आणि कोलेसिस्टोकायनिन हे हार्मोन्सही घटतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ५० जणांचा अभ्यास छापला. दहा आठवडे अगदी कमी खाऊन त्यांचं वजन सरासरी साडेतेरा किलो उतरलं, पण वर्षभरानंतरही हार्मोन्स जागेवर आलेले नव्हते. त्यामुळे मनाला कोसू नका, ताट वाढायची पद्धत बदला.

ताटावर बसलं की आधी काकडी-मुळा आणि वाटीभर मठाची (मटकीची) उसळ किंवा घट्ट वरण खा. भाकरी शेवटी. प्रथिनं आणि चोथा आधी पोटात गेले की जठर सावकाश रिकामं होतं आणि आतड्यातून जीएलपी-१ चांगलं सुटतं. हे हार्मोन भूक आवरतं आणि इन्सुलिनला हाक देतं, पण रक्तात दोनेक मिनिटांतच निम्मं होतं. म्हणून अन्न आतड्यात हळूहळू उतरत राहिलेलं बरं. जिन्नस तेच आणि तेवढेच, फक्त भाकरी-पोळी शेवटी, एवढ्यानेही साखर कमी चढते, असं मधुमेहींवरच्या छोट्या अभ्यासांत दिसलंय.

भाकरी कळण्याचीच करा. ज्वारीत सालासकट उडीद दळलेले असतात, म्हणजे डाळ पिठातच आली. भरीताचं मात्र भान ठेवा. थंडीत कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याला तोड नाही, पण त्यात प्रथिनं नावालाच. सोबत वाटीभर दही घ्या, आणि पार्टीत भरीतासोबत पुऱ्यांचा ढीग येतो तेव्हा कळण्याची भाकरी मागून घ्या. (यजमान रुसतात, रुसू द्या.) वरण-बट्टीच्या पंगतीत आधी वरण नि वांग्याची भाजी, मग एकच बट्टी. शेवभाजीत साखरेपेक्षा तर्रीचीच काळजी जास्त. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस घेतला तर त्या दिवशी पुरणपोळी नको.

केळी आपल्याकडे दारात पिकतात, बंद करा म्हणणं फोल आहे. फक्त काळे ठिपके पडलेलं केळ रिकाम्या पोटी खाऊ नका. पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होत जाते. जरा कडक फळ, तेही अर्धं, जेवणानंतर. मग दहा-पंधरा मिनिटं चाला. चालते स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात.

हे तुम्हाला लागू पडतं का, ते ग्लुकोमीटरवर बघा. जेवणाआधी एकदा, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. बहुतेक जण हात धुतल्यापासून मोजतात, ते चुकीचं. काही जण रिपोर्ट चांगला यावा म्हणून त्या दिवशी अर्धीच भाकरी खाऊन येतात. मग तपासणी कसली? एका दिवशी भाकरी आधी, दुसऱ्या दिवशी तेच जेवण भाकरी शेवटी घेऊन, आणि आकडा किती चढला ते ताडून बघा. मधुमेह नसेल तर दोन तासांनी १४० च्या आत हवा. मधुमेहींना बहुधा १८० च्या आत सांगतात, पण तुमची मर्यादा डॉक्टरांकडून घ्या. बोट साबणाने धुऊन, पुसून मगच टोचा. केळ सोललेल्या बोटाचा थेंब घेतला तर मीटर उगाच मोठा आकडा दाखवतो.

ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर वजन उतरल्यावर जुना डोस जास्त होऊ शकतो. घाम, थरथर आणि आकडा ७० च्या खाली आला, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि डोस बदलायला डॉक्टरांकडे जा. वजनासाठी पोटाचं ऑपरेशन झालेल्यांचं गणित वेगळं. गोड खाल्ल्यावर त्यांची साखर झपकन चढते आणि एक ते तीन तासांत धाडकन उतरते. त्यांनी थोडं थोडं खावं, जेवताना पाणी ढोसू नये, आणि असा झटका आला तर आकडा आणि वेळ लिहून सर्जनना दाखवावी.