कास्टिंगसोबत पेंटचा डबा, एअर शिपमेंट अडकली होती, असं सुटलं

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाववरनं जर्मनीला कास्टिंग (ओतीव धातूचे भाग) विमानानं पाठवताना सोबत टचअप पेंटचा छोटा डबा होता, मुंबईत स्क्रीनिंगला अख्खं कन्साइनमेंट होल्ड. नॉन-हझार्डसचं (माल धोकादायक नाही असं) लेटर दिलं, एजंट बदलला, काय उपयोग नाही, डोकं आउट झालं नुसतं.

सुटलं ते असं. आधी डबा कास्टिंगच्या पेटीतनं बाहेर काढला. मग पेंटवाल्याकडनं एमएसडीएस (मालाचं सुरक्षा माहितीपत्रक) घेतली, सेक्शन ९ मध्ये फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते) २७ डिग्री, म्हणजे २३ ते ६० मधला, म्हणून पॅकिंग ग्रुप ३ (कमी धोक्याचा गट), आणि सेक्शन १४ ला यूएन १२६३ (पेंटचा धोकादायक मालाचा नंबर), क्लास ३ म्हणजे ज्वालाग्राही द्रव. मग यूएन मार्कचा ४जी बॉक्स (टेस्ट केलेला फायबरबोर्डचा खोका, आमचा साधा कार्टन चालला नाही), त्यावर यूएन नंबर, पेंट हे नाव, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, क्लास ३ लेबल, वर-बाजूचे बाण. शेवटी डीजीआर (विमानानं धोकादायक माल पाठवायचे नियम) ट्रेनिंगवाल्याकडनं लाल पट्ट्यांचं शिपर्स डिक्लरेशन (धोकादायक मालाचं घोषणापत्र), सही करून दोन कॉपी. लगेच घेतलं.