७७७ मारायच्या आधी हे पाहून घ्या राजेहो

आपल्या नागपुरात आयटी पार्कातल्या टपरीवर लिनक्सच्या पर्मिशनच्या एररचा एकच इलाज ऐकू येते, सीएचमॉड ७७७ मार ना बे, म्हणजे फाइल सगळ्यांना वाचायला, लिहायला, चालवायला मोकळी. एरर जाते, खरं आहे, पण मग त्या मशीनवरचा कोणताही युजर तुमची कॉन्फिग फाइल, म्हणजे प्रोग्रामच्या सेटिंगची फाइल, बदलू शकते, अन् कॉन्फिगमध्ये बरेचदा कोणती कमांड चालवायची हेच लिहून असते, म्हणजे लिहिणार तो अन् चालणार तुमच्या नावावर. मायएसक्यूएल हा डेटाबेस तर अशी सगळ्यांना लिहिता येणारी कॉन्फिग वाचतच नाही, वॉर्निंग देऊन सोडून देते.

पहिले एलएस -एल मारून ओनर पाहा. तुम्ही नाहीतर रूट, म्हणजे मशीनचा ॲडमिन, पायजे, अन् ग्रुप, अदर्सच्या खान्यात डब्ल्यू, म्हणजे लिहायची परवानगी, नको. साध्या फाइलला ६४४ (लिहिणार फक्त ओनर, वाचणार सगळे), पासवर्ड, टोकन किंवा एसएसएचची, म्हणजे दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायची, प्रायव्हेट की असली तर ६०० (वाचणार-लिहिणार फक्त ओनर). सुडोअर्स, म्हणजे कोणाला सुडोने रूटसारख्या कमांड चालवता येतील त्या फाइलला, हात लावायचा तर व्हीआयसुडो या कमांडनेच.

आता खरी गंमत फोल्डरची आहे, इथेच सगळे अडकतात. फाइल ६०० आहे पण फोल्डर सगळ्यांना लिहायला मोकळं आहे, स्टिकी बिटही (तो असला की दुसऱ्याची फाइल उडवता येत नाही) नाही, तर कोणीही तुमची फाइल उडवून त्याच नावाची आपली ठेवू शकते. एसएसएचमध्ये की बरोबर टाकली तरी सर्व्हर पासवर्ड मागून राहिला तर बरेचदा होम फोल्डरच ग्रुपला लिहिता येत असते, म्हणून सर्व्हर कीवर भरवसा ठेवत नाही. नेमआय -एल मारून पूर्ण पाथ द्या, सगळ्यात वरच्या / पासून एकेका फोल्डरचा ओनर अन् पर्मिशन दिसते, जिथे डब्ल्यू जास्तीचा दिसला तिथे सीएचमॉड जीओ-डब्ल्यू. डॉट एसएसएच फोल्डरला ७००. सर्व्हरचा हा चेकच बंद करायला स्ट्रिक्टमोड्स नो करून टाकणारे पण आहेत, त्यांना काय म्हणावं बाप्पा.

गिट, म्हणजे कोडच्या बदलांचा हिशेब ठेवणारं टूल, त्याचंही तसंच. २०२२ पासून फोल्डर दुसऱ्याच्या मालकीचं असलं की गिट अडते, कारण तिथल्या गिट कॉन्फिगमध्येही कमांड लपू शकते. सेफ डिरेक्टरी, म्हणजे गिटने चालवून घ्यायच्या फोल्डरची यादी, तिला स्टार देऊ नका, चेकच बंद होते. सुडोने क्लोन केलं, म्हणजे कोड रूटच्या नावावर उतरवला असेल तर सीएचओन करून मालकी आपल्या नावावर करा, फोल्डर खरंच शेअरचं असेल तर त्या यादीत तेवढाच पाथ टाका.

अन् ओनर बरोबर म्हणजे आतला मजकूर बरोबर असं नाही, क्लोन केलेल्या फाइली तुमच्याच नावावर येतात ना. म्हणून डिरएन्व्ह, म्हणजे फोल्डरमध्ये गेलं की तिथली सेटिंग लावणारं टूल, आधी अलाऊ करायला लावते, फाइल बदलली की परत विचारते, तेव्हा कटकट म्हणून डोळे झाकून अलाऊ करू नका, आधी फाइल उघडून काय बदललं ते वाचा.