जुन्या मंडईत दिशाफलक लावताना

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटसारख्या, १८६९ साली उभ्या राहिलेल्या आणि पुनर्विकास हाती घेतलेल्या इमारतीत फलकांचे काम नकाशावरून नव्हे, तर गिऱ्हाईक कुठे थबकते हे पाहून सुरू करावे. प्रवेशद्वार, चौक, जिना आणि जुने-नवे बांधकाम जिथे मिळते ती जागा, एवढ्या ठिकाणी फलक पुरतात. बाकीच्यांची गर्दीच होते.

नाव मात्र दोन्ही रूपांत द्यावे. अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई असले तरी टॅक्सीवाल्याला क्रॉफर्ड मार्केटच ठाऊक असते. मराठी मजकूर आधी घ्यावा आणि ओळींमध्ये सढळ जागा सोडावी, कारण वेलांट्या, रफार आणि उकार दाटीत एकमेकांवर चढतात व दुरून वाचताना जोडाक्षराचा नुसता काळा ठिपका दिसतो.

सर्वांत जपायचे ते दगडाला. फलक शक्यतो स्वतंत्र खांबावर उभा करावा. भिंतीवरच लावणे भाग असेल, तर भोक दगडात न पाडता सांध्याच्या चुन्यात पाडावे आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच वापरावेत, कारण समुद्राच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड गंजून फुगते आणि दगडाची कड फोडते. शिल्पकार लॉकवुड किपलिंग यांची प्रवेशद्वारावरील शिल्पे झाकेल असा फलक तर नकोच.

टांगता फलक डोक्यावर पाटी घेतलेल्या हमालाच्या मापाने टांगावा. पक्के फलक करण्यापूर्वी पुठ्ठ्याचे नमुने ऐन गर्दीच्या वेळी लावून पाहावेत.