खोट्या आठवणींचा प्रयोग मराठीत करताना

स्मृतीवर पहिलाच प्रयोग करायचा असेल तर डीज-रोडिगर-मॅकडर्मट पद्धत, म्हणजे डीआरएम, घ्यावी. खर्च जवळपास नाही, परिणाम ठळक, आणि प्रयोग कुठे कुठे बिघडू शकतो तेही यात लवकर कळतं. एका शब्दाभोवती फिरणारे 12 ते 15 शब्द ऐकवायचे, तो मधला शब्द मात्र यादीत ठेवायचा नाही. ऐकणारे बरेचदा नेमका तोच लिहितात. जेम्स डीज यांनी हे 1959 मध्ये नोंदवलं. रोडिगर-मॅकडर्मट यांच्या 1995 च्या दोन प्रयोगांत न ऐकवलेला शब्द अनुक्रमे 40 आणि 55 टक्के वेळा आठवला गेला.

नवखे पहिल्यांदा घसरतात ते इंग्रजी यादीचं भाषांतर करताना. 'स्लीप'ची प्रसिद्ध यादी घ्या. तिच्यातले 'नॅप', 'डोझ', 'स्नूझ' हे तिन्ही मराठीत 'डुलकी' होतात. 'स्लंबर'ला तर 'झोप'च लिहावं लागतं, म्हणजे जो शब्द लपवायचा तोच यादीत येऊन बसतो! म्हणून यादी मराठीतच जमवावी. ज्यांच्यावर प्रयोग करणार त्याच वयाच्या, त्याच भागातल्या 40-50 जणांना 'झोप' म्हटल्यावर सुचणारे पहिले शब्द लिहायला सांगा. पांघरुणाला कुणी गोधडी लिहील, कुणी वाकळ. ऐकणाऱ्यांच्या तोंडी जो असेल तो ठेवा.

एवढ्यावर थांबू नका. 'झोप' म्हटल्यावर 'डास' सुचेल, पण 'डास' म्हटल्यावर झोप कितीजणांना सुचते? खोटी आठवण मुख्यतः या उलट्या दिशेच्या धाग्यावर उभी असते. जमलेले शब्द वेगळ्या लोकांना देऊन उलट बाजूही मोजा. 'जांभई', 'घोरणं' टिकतील, 'डास' गळेल. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं.

बाकी मांडणी सोपी. एकाच आवाजात, दर दीड सेकंदाला एक शब्द, अशी याद्यांची ध्वनिफीत करा. प्रत्यक्ष वाचलंत तर आवाज नकळत कुठेतरी जोर देतो. यादी संपली की 30 सेकंद तीन-तीनने उलटी मोजणी करायला लावा, नाहीतर शेवटचे शब्द कानातच घोळत असतात. मग दोन मिनिटं लेखन. 'अंदाजाने लिहू नका, ऐकल्याची खात्री असेल तेच लिहा' ही सूचना विसरलात तर मिळालेली चूक ही आठवण की अंदाज, हे सांगता येणार नाही.

नंतरच्या ओळख-चाचणीत, म्हणजे एकेक शब्द दाखवून 'हा ऐकला होता का?' असं विचारताना, ऐकवलेले शब्द, लपवलेले शब्द आणि कधीच न ऐकवलेल्या याद्यांतले शब्द, तिन्ही हवेत. तिसरा गट नसेल तर उगाच 'हो' म्हणणारा माणूस ओळखू येत नाही. अर्ध्या लोकांना अर्ध्या याद्या, उरलेल्यांना दुसऱ्या अर्ध्या, असा अदलाबदल करा. मानसशास्त्रज्ञ टुल्व्हिंग यांची 1985 ची 'रिमेंबर-नो' (remember-know) विभागणी, म्हणजे 'हो' म्हटलेला शब्द खरंच आठवतो की नुसता ओळखीचा वाटतो हे विचारणं, वापरणार असाल तर 'नो'साठी (know) 'माहीत आहे' लिहू नका, लोक त्याचा अर्थ 'पक्की खात्री' असा घेतात. 'ऐकल्याचा क्षण आठवतो' आणि 'नुसतं ओळखीचं वाटतं' असे पर्याय चालतात.

दोन वेगळ्या गटांची तुलना असेल आणि मध्यम आकाराचा फरक (डी = 0.5, म्हणजे सरासरींतला फरक प्रमाण विचलनाच्या निम्मा) पकडायचा असेल, तर 80 टक्के शक्तीसाठी, म्हणजे असा फरक खरंच असेल तर तो 80 टक्के वेळा सापडावा यासाठी, प्रत्येक गटात 64 जण लागतात. वीसवीस जणांवर घाई करू नका. 'झोपणं' लिहिलं तर ते 'झोप' धरायचं का, ऱ्हस्व-दीर्घाची चूक माफ का, हे उत्तरपत्रिका पाहण्याआधी लिहून ठेवा.

संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि लेखी संमती आधी घ्यायचीच. शेवटी सगळ्यांना खरा हेतू सांगा, आणि उरलेल्या लोकांचं काम होईपर्यंत कँटीनमध्ये त्यावर बोलू नका, अशी विनंती करा. एकाला यादीची मेख कळली की वसतिगृहाचा अख्खा मजला बाद होतो.