जर्मनीला निघालात? एफडी, एसआयपी आणि १८२ दिवसांचं गणित

मी मूळचा निलंग्याचा, इंजिनिअरिंग नांदेडला, मग पुण्यात पाच वर्षं नोकरी आणि २० सप्टेंबर २०२३ ला श्टुटगार्टला आलो. आमच्या भागातून आता दर दोनचार महिन्याला कोणीतरी निघायलंय आणि सगळ्यांचे फोन व्हिसा, घरभाडं, थंडीचे कपडे ह्याच्यावरच. गावाकडच्या एफडीचं आणि म्युच्युअल फंडाचं काय करायचं हे कोणीच विचारत नाही. मी बी विचारलं नव्हतं, म्हणून लिहायलोय. मी सीए नाही, माझ्यावर जे आलं तेवढंच सांगतो.

सगळ्यात आधी दिवस मोजा. मी आलो त्याच आर्थिक वर्षात, फेब्रुवारीत, बहिणीचं लग्न होतं. तीन आठवड्याची रजा टाकून तिकीट बघत बसलो होतो आणि सहज लातूरच्या सीएकाकांना फोन लावला, तर ते पहिलंच म्हणाले, "किती दिवसासाठी यायलास रे?" १ एप्रिल ते २० सप्टेंबर माझे भारतात १७३ दिवस झालेले. नोकरीसाठी बाहेर जाणारा भारतीय नागरिक त्या वर्षात १८२ दिवस भारतात राहिला की रेसिडेंट, म्हणजे करासाठी भारताचा रहिवासी, १८१ वर थांबला की एनआरआय. म्हणजे माझ्याकडं उरले आठ, आणि काका म्हणाले की उतरल्याचा दिवस अन् परत उडाल्याचा दिवस दोन्ही धर, रिस्क नको. मग काय, हळद, लग्न, सत्यनारायण आणि हैदराबादहून परतीचं विमान, सगळं आठ दिवसात कोंबलं. आत्या अजून बोलून दाखवती, "पाठवणीला धड रडला बी नाही, सारखं घड्याळ बघायला."

रेसिडेंट झालो असतो तर जर्मनीतला पगारसुद्धा भारताच्या रिटर्नमध्ये दाखवावा लागला असता. दोन देशांतल्या करारामुळं, म्हणजे डीटीएएमुळं, त्यातून सुटता येतं, पण ती कागदं गोळा करण्यापेक्षा आठ दिवसाचं लग्न परवडलं. एप्रिल-मेमध्ये निघणाऱ्याला ही भानगड सहसा होत नाही, ऑगस्ट-सप्टेंबरवाल्यांनी मात्र कॅलेंडर घेऊनच बसा.

दुसरं बँकेचं. इथं माझं चुकलं. एनआरआय झालं की साधं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे एनआरआयचं भारतातल्या पैशासाठीचं खातं, करून घ्यायचं असतं, मी बँकेला कळवलंच नाही, आणि आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, दरवर्षीसारखं ब्रँचला जाऊन माझ्या नावाचा फॉर्म १५जी देऊन टाकला, व्याजावर टीडीएस कापू नका म्हणून. तो फॉर्म फक्त रेसिडेंटसाठी असतो. ब्रँचमध्येही कोणी विचारलं नाही की पोरगं कुठंय. पुढं सगळं निस्तरून खातं एनआरओ केलं आणि २०२४-२५ ला बँकेनं थेट ३१.२ टक्के टीडीएस कापला. माझी ८ लाखाची एफडी ७ टक्क्यानं, व्याज ५६,००० आणि त्यातले १७,४७२ गायब. घरी सगळ्यांना वाटलं गेले पैसे.

गेले नव्हते. भारतात माझं दुसरं काहीच उत्पन्न नाही आणि एफडीच्या व्याजाला एनआरआयलाही बेसिक सूट मिळती (कमी उत्पन्नवाल्याचा कर माफ करणारी ८७ए ची रिबेट मात्र मिळत नाही), त्यामुळं आयटीआर-२ हा रिटर्नचा फॉर्म भरला आणि सगळे परत आले. आयटीआर-१ एनआरआयला चालत नाही एवढं लक्षात ठेवा. व्याज मोठं असेल तर जर्मनीचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट, म्हणजे करासाठी तुम्ही इथले रहिवासी असल्याचा दाखला, आणि त्यासोबतचा फॉर्म (२०२४-२५ ला १०एफ) बँकेला आधीच द्या, करारानं व्याजावर भारतात १० टक्क्याच्या वर कर नाही.

आता जर्मनीची बाजू. इथं घर केलं की फिनान्झआम्टला, म्हणजे इथल्या इन्कम टॅक्स ऑफिसला, तुमचं जगभरचं व्याज, डिव्हिडंड, नफा सगळं दाखवायचं, पैसे भारतातच पडून असले तरी. दर २५ टक्के आणि त्यावर सोली नावाचा अधिभार, मिळून २६.३७५. वर्षाला १,००० युरोपर्यंत माफ, नवराबायको मिळून २,०००. माझं व्याज ६२० युरोच्या आसपास, म्हणून वाचलो. पण ती माफी एकच असती, इथल्या बँकेचं व्याजही त्यातच धरतात. आणि इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च, त्यामुळं बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट काही कामाचं नाही, स्टेटमेंट उघडून एकेक नोंद त्या तारखेच्या रेटनं युरोत करत बसायचं. एक रविवार जातो.

उदगीरच्या एका मित्रानं हुशारी केली, २० लाख एनआरई एफडीत, म्हणजे बाहेरून पाठवलेल्या पैशाच्या एफडीत, टाकले, कारण भारतात ते व्याज करमुक्त. भारतात, हो! जर्मनीला त्याचं काय. १,४०,००० व्याज म्हणजे साधारण १,५५५ युरो, १,००० वजा जाऊन उरलेल्यावर १४५ युरोच्या आसपास भरावे लागले. त्याला वाटलं होतं कळणार कोणाला, पण खात्यांची माहिती दोन्ही देश २०१७ पासून आपोआप एकमेकांना देतात.

एसआयपीवाल्यांनी निघायच्या आधीच हिशोब करा. इकडं यायच्या आधीच युनिट विकले तर इक्विटीवर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा लाँग टर्म नफा माफ, वर १२.५ टक्के, आणि जर्मनीचा संबंधच नाही. इथं आल्यावर विकले तर मूळ खरेदीपासूनचा सगळा नफा इथं धरतात. मला हे आल्यावर कळलं. एक मात्र बरं, नफा युरोत मोजतात. समजा १ लाख गुंतवले तेव्हा युरो ८५ ला होता, विकून १ लाख ४० हजार आले तेव्हा १००, तर १,१७६ चे १,४०० झाले, नफा फक्त २२४ युरो. रुपया पडल्याचा एवढाच फायदा. ग्रोथ प्लॅन, म्हणजे डिव्हिडंड न देणारा फंड, न विकता ठेवला तरी दरवर्षी थोडा आगाऊ कर लागू शकतो, त्याला फोरआबपाउशाले म्हणतात, आणि इथल्या रिटर्नमध्ये फंडाचा फॉर्म वेगळा, आनलागे काप-इन्व. पीपीएफ चालू असेल तर मुदत संपेपर्यंत ठेवता येतं, नवीन उघडता येत नाही.

परवा आण्णांचा फोन, शेजारचं दोन एकर निघालंय, तुझ्या नावानं घेऊ का. एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही म्हणलं, वारसानं आली तर चालती. तर म्हणे, "बरं, माझ्या नावानं घेतो, पैसे पाठव." आता त्याचा हिशोब लावायलोय, कारण भारतात आण्णांना काही कर नाही, पण जर्मनीत आईवडिलांना दिलेली बक्षीस रक्कम दहा वर्षांत प्रत्येकी २०,००० युरोपर्यंतच माफ असती, आणि शेजारी पाव एकरही कमी करायला तयार नाही.