देव पण मानायचा आणि उत्क्रांती पण, घरात हे कसं जमवायचं

बारावीच्या बायॉलॉजीत उत्क्रांतीचा धडा होतो आणि गणेश चवथीला पोरं माटोळीखालीच (गणपतीवर टांगलेल्या फळा-फुलांच्या चौकटीखालीच) विचारतात, मग देवाने माणूस घडवला ते खोटं का? त्यांना गप्प करू नका, लगेच देवाची वकिली पण नको. आधी पुरावा बघा.

"माकडापासून माणूस" हे पहिलं डोक्यातून काढा. कुळागरात (नारळ-सुपारीच्या बागेत) नारळ पाडणारं माकड आपला आजा नव्हे, आपला आणि त्याचा फार जुना पूर्वज एक. आपल्यात मंगेश कुलदैवत असलेली घरं गोव्यात फोंड्यात आहेत, कारवारात आहेत, मंगळूरला पण आहेत, आडनावं बोली सगळं वेगळं, तरी फोंडेकरांपासून मंगळूरकर झाले असं कोणी म्हणत नाही, मूळ एक म्हणतात, तसंच हे.

पुराव्याला मात्र वेळ द्या. चिंपांझीत क्रोमोसोमच्या (पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्यांच्या) 24 जोड्या, आपल्यात 23, मग एक गेली कुठे? आपला दोन नंबरचा क्रोमोसोम दोन जुने क्रोमोसोम टोकाला टोक जुळून झालाय, जो डीएनए टोकाला असतो तो याच्या मध्येच सापडतो. आणि बकरी, कुत्रा व्हिटॅमिन सी अंगातच बनवतात, आपल्याला जमत नाही कारण त्याचं जीन आपल्यात मोडून पडलंय, आणि चिंपांझीत, कुळागरातल्या त्या माकडात पण ते मोडकंच आहे! प्रत्येकाला वेगवेगळं घडवलं असेल तर तीच मोडकी वस्तू सगळ्यांना कशाला? मला हा पुरावा सगळ्यात जास्त पटतो.

आता देव. पोटातलं बाळ एका पेशीपासून वाढतं हे आपल्याला माहीत असतं, डॉक्टर ती वाढ सोनोग्राफीत दाखवतो, तरी आपण त्याला देवाचं देणं म्हणतो आणि शांतादुर्गेची ओटी भरतोच ना. कोट्यवधी वर्षांच्या वाढीकडे पण तसंच बघा. फक्त विज्ञानाला कळलं नाही तेवढ्याच जागेत देवाला बसवू नका, उद्या ती जागा भरली की त्याला उठावं लागतं.

मासा, कासव, वराह, नरसिंह म्हणजे डार्विनच्या आधीच आपल्याला सगळं माहीत होतं असे फॉरवर्ड येतात ते पुढे ढकलू नका प्लीज, कासवापासून वराह झाला असं पुराण कुठे म्हणतं? देव भक्तासाठी खाली आला ही ती गोष्ट, दशावतारी काला (देवळातलं अवतारांचं नाटक) त्याच भक्तीने बघा.

ख्रिश्चन शेजाऱ्यांकडे विषय निघाला तर भांडायचं कारण नाही, पोप पायस बाराव्यांनी 1950 मध्येच शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यास करायला मोकळीक दिली, आत्मा मात्र देवच देतो म्हणाले, आणि 1996 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की उत्क्रांती नुसत्या गृहीतकाच्या पुढे गेलीय. माणसाचा डीएनए वाचणारा ह्यूमन जीनोम प्रोजेक्ट ज्यांनी चालवला ते शास्त्रज्ञ फ्रान्सिस कॉलिन्स स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन.

खरा अवघड प्रश्न पुढेच आहे, एवढे जीव तडफडून मेले, जातीच्या जाती संपल्या, मग देव दयाळू कसा? हा टाळू नका, उत्क्रांती कळल्यावर तो जास्तच टोचतो. घरातलं कोणी अकाली गेलं तेव्हा आपण हाच प्रश्न विचारलेला असतो आणि तरी दुसऱ्या दिवशी दिवा लावलेला असतो. तो का लावला, ते पोरांना स्वतःच्या शब्दांत सांगा.