बायबलचे पुरावे शोधायला निघालात? आधी माझी फजिती वाचा

वसईत आमच्या पॅरिशमधल्या पोरांसमोर या विषयावर पहिल्यांदा बोललो तेव्हा मी भलत्याच जोशात होतो. २०१२ मधे अमेरिकेत एका जाहीर वादविवादात सांगितलं गेलं होतं की मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिल्या शतकातला तुकडा सापडलाय, मी तेच मोठ्या अक्षरात स्लाइडवर टाकलं, टाळ्याही घेतल्या. मग २०१८ ला तो तुकडा रीतसर छापून आला आणि काळ निघाला दुसऱ्या शतकाचा शेवट नाहीतर तिसऱ्याची सुरुवात. त्यातल्याच एका पोराने मला लिंक पाठवली, खाली फक्त "सर?" एवढंच लिहिलेलं. काय उत्तर देणार, कप्पाळ.

तर नवीन लोकांना पहिलं सांगणं हे की वस्तू कोणाला, कुठे सापडली ते आधी बघा. इस्रायलमधल्या कॅसरियाला १९६१ मधे इटालियन टीमला खोदकामात, येशूला क्रूसाची शिक्षा देणाऱ्या पिलाताचं नाव असलेला दगड मिळाला, कोणीतरी तो नंतरच्या काळात नाट्यगृहाच्या जिन्यात बसवून टाकलेला, म्हणजे मुद्दाम कोणी आणून पुरलाय अशी शंकाच नाही. याउलट बाजारातून आलेला माल. वॉशिंग्टनच्या बायबल म्युझियमकडचे मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे (तिथल्या गुहांत सापडलेली प्राचीन हस्तलिखितं) म्हणून घेतलेले १६ च्या १६ तुकडे २०२० मधे बनावट निघाले.

दुसरं, दगड जेवढं बोलतो तेवढंच ऐका. पिलाताच्या दगडावर त्याचा हुद्दा 'प्रीफेक्ट' असा आहे, रोमन इतिहासकार टॅसिटस त्याला 'प्रोक्युरेटर' म्हणतो, आणि शुभवर्तमानं नुसतं 'सुभेदार' म्हणून मोकळी होतात. यातून पिलात होता आणि यहूदियावर होता हे पक्कं झालं. त्या शुक्रवारी काय झालं हे दगड सांगत नाही, पुनरुत्थान तर नाहीच नाही. तेल दान इथे १९९३ ला सापडलेल्या शिलालेखात 'दावीदाचं घराणं' असे शब्द आहेत, त्याचंही तसंच, घराणं होतं हे कळतं, दावीदाने मारलेल्या धिप्पाड गल्याथाची गोष्ट तिथे नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त वेड लावलं ते यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या मोठ्या गुंडाळीने. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेतली, सात मीटरच्या वर लांब, अख्खा यशया, इ.स.पू. दुसऱ्या शतकातली, म्हणजे त्याआधी हिब्रूतल्या ज्या जुन्यात जुन्या संपूर्ण प्रती होत्या त्यांच्यापेक्षा साधारण हजार वर्षं जुनी. लोक लगेच म्हणतात, बघा एक अक्षर बदललं नाही! असं नाहीये हो. बारीक फरक ढीगभर आहेत, बहुतेक स्पेलिंगचे. ४० व्या अध्यायात ७ वी आणि ८ वी ओवी दोन्ही 'गवत सुकते, फूल कोमेजते' अशा सुरू होतात, लिहिणाऱ्याची नजर एकावरून थेट दुसरीवर गेली आणि मधला मजकूर सुटला, नंतर दुसऱ्या कोणीतरी वेगळ्या हाताने तो ओळींच्या वर आणि समासात कोंबून भरला. आणि ही चूक झाली कुठे, तर 'आपल्या देवाचे वचन सर्वकाळ टिकते' याच्या ऐन अलीकडे! मला तर त्यामुळे तो नक्कल करणारा जास्त जवळचा वाटला. आणि चूक पकडणारा कोणीतरी होता हेही दिसलंच की.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकावर वेळ घालवा, तिथे माल भरपूर आहे. १७ व्या अध्यायात थेस्सलनीका शहराच्या अधिकाऱ्यांना ते पुस्तक लिहिणारा लूक 'पोलितार्ख' म्हणतो, आणि नेमका हाच शब्द तिथल्या शिलालेखांत मिळतो, त्यातला एक आज ब्रिटिश म्युझियममधे आहे. १८ व्या अध्यायातला रोमन सुभेदार गल्लियो ग्रीसमधल्या डेल्फीच्या शिलालेखात सापडतो, त्यावरून पौल करिंथात साधारण इ.स. ५१ च्या आसपास होता हे बसवता येतं.

पण त्याच लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात, येशूच्या जन्माच्या वेळी, रोमन सुभेदार क्विरीनियची नावनोंदणी आहे, ज्यू इतिहासकार जोसेफसप्रमाणे ती इ.स. ६ ची, आणि ज्या हेरोद राजाच्या काळात येशू जन्मला म्हणतात तो वारला इ.स.पू. ४ मधे (बहुतेक अभ्यासक हेच साल धरतात). दहाएक वर्षांचा घोळ. पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. ज्याचे तट यहोशवासमोर कोसळले असं बायबल सांगतं त्या यरीहोचंही तेच, पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यनने १९५० च्या दशकात खणलं आणि तिच्या मते यहोशवाच्या काळात पाडायला तिथे तटबंदी उरलेलीच नव्हती. या गोष्टी लपवून भाषण द्याल तर कोणीतरी पोरगा लिंक पाठवणारच.

सुरुवात कशी करायची विचाराल तर ग्रीक अक्षरं शिका, महिनाभर रोज अर्धा तास खूप झाला. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू-ग्रीकवरून मराठीत अख्खं बायबल उतरवलं, आपल्याला निदान २४ अक्षरं यायला हरकत नाही. मग चौथ्या शतकातली सिनाइटिकस ही ग्रीक बायबलची हस्तलिखित प्रत उघडा, २००९ पासून फुकट ऑनलाइन आहे. मार्कचा शेवट काढा. तिथे १६:८ नंतर, 'कारण त्या भ्याल्या होत्या' इथेच मजकूर संपतो, पुढच्या बारा ओव्या नाहीतच, खाली कोरी जागा. त्या कोऱ्या जागेच्या वर लिहिलेलं 'काता मार्कोन' (म्हणजे 'मार्कनुसार') हे मी स्वतः वाचलेलं पहिलं ग्रीक. स्क्रीनशॉट काढून त्या "सर?" वाल्या पोरालाच पाठवला.